सात टक्क्यांची करंगळी : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

घरातल्या आणि कामावरच्या किरकोळ जखमांविषयी प्रश्न मागवले, तेव्हा भाजल्या-पोळल्याची पत्रं जास्त येतील असं वाटलं होतं. आली ती बोटांची. म्हणून या वेळचं सदर फक्त बोटांचं. उत्तरं हाताच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. घरचे उपाय कुठे थांबवून डॉक्टरांकडे जायचं, तेही त्या त्या जागी सांगितलं आहे.

प्रश्न : गाडीच्या दारात उजव्या हाताची करंगळी चेमटली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. तीन आठवडे जाड पट्टी होती, ती सुटून आठ दिवस झाले. आता मूठ पूर्ण मिटत नाही. ओला पंचा पिळता येत नाही, कणीक मळताना जोर लागत नाही, फोन हातातून निसटतो. घरात सगळे म्हणतात, करंगळीच तर आहे! एवढी कामं खरंच करंगळी करते, की मी उगीच बाऊ करतेय? (गृहिणी, म्हसरूळ)

बाऊ अजिबात नाही. आधी एक प्रयोग करा, चांगल्या हाताने. नॅपकिनची घट्ट गुंडाळी मुठीत धरा आणि घरातल्या कुणाला तरी ती ओढायला सांगा. मग करंगळी आणि अनामिका उचलून धरा, उरलेल्या बोटांनी तीच गुंडाळी धरा आणि पुन्हा ओढायला सांगा. फरक लगेच कळेल. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट हे चिमटीचे कारागीर. सुई, चावी, पेन, मिठाची चिमूट त्यांची. मूठ आवळायची, म्हणजे झाडू, कोयता, बादलीची कडी, पंचा धरायचा, तेव्हा खरा जोर हाताच्या करंगळीकडच्या बाजूने येतो. फोनचं तर विचारूच नका. बरेच जण तो करंगळीवर टेकवूनच धरतात आणि ते त्यांच्या ध्यानातही नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बोट वाकवणारे लांब स्नायू बोटात नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या मधे असतात. तिथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, बोटांच्या टोकापर्यंत जातात. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांची टोकं वाकवणाऱ्या दोऱ्या जवळपास एकाच स्नायूतून फुटतात. हेही तपासता येतं. चांगल्या हाताची बाकी बोटं टेबलावर सपाट दाबून धरा आणि करंगळीचं फक्त टोक वाकवायचा प्रयत्न करा. टोक लुळं पडल्यासारखं वाटेल. शेजाऱ्यांना अडवलं की हिची दोरी ओढली जात नाही. उलटंही तितकंच खरं : करंगळी आखडली की शेजारच्या दोन बोटांचा जोर घटतो. एका जुवाचे बैल, एक अडला की दुसरा कितीही दमदार असला तरी औत थांबतं. तुमची कणीक मळताना अडते ती म्हणूनच.

कायद्याने मात्र करंगळीला फार स्वस्तात काढलंय. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कुठलं बोट गेलं तर कमाईची क्षमता किती टक्के घटली असं धरायचं, त्याचा तक्ता होता (तो कायदा 2025 पर्यंत लागू होता). पूर्ण अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. आमच्या मते हातोडा किंवा पाना धरणाऱ्याच्या बाबतीत हा 7 चा आकडा अन्याय करतो.

आता तुमच्या बोटाचं. हाड शाबूत असताना तीन आठवडे जाड पट्टी ठेवल्यामुळे सांधे आखडले आहेत. बोटाचा शत्रू बहुतेक वेळा जखम नसते, न हलवणं असतं. सकाळी कोमट पाण्यात 10 मिनिटं हात ठेवा आणि पाण्यातच हळूहळू उघडझाप करा. मग दुसऱ्या हाताच्या चिमटीत करंगळीचं तळाचं पेर पक्कं धरा आणि फक्त मधला सांधा वाकवा. 5 सेकंद थांबा, सोडा. असं 10 वेळा. नंतर मधलं पेर धरून फक्त टोकाचा सांधा, तोही 10 वेळा. ही धरपकड केली नाही, तर सगळं वाकणं मुळाचा मोकळा सांधा करून टाकतो आणि आखडलेला सांधा आयता सुटतो. शेवटी पूर्ण हाताचे पाच आकार : बोटं सरळ, आकडा (मुळं सरळ, वरची पेरं वाकलेली), छप्पर (मुळं वाकलेली, पेरं सरळ), सपाट मूठ (टोकं न दुमडता तळव्याला टेकलेली), पूर्ण मूठ. प्रत्येक आकार 5 सेकंद. सगळं मिळून दिवसातून पाच वेळा.

दर रविवारी मूठ मिटा आणि करंगळीचं टोक तळव्यावरच्या आडव्या रेघेपासून किती मिलिमीटर लांब राहतं, ते पट्टीने मोजून कॅलेंडरवर लिहा. सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, पट्टीला दिसते. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात ओसरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट जास्त सुजलेलं दिसलं तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका.

दोन चुका सर्रास होतात. एक, पहिल्याच दिवसापासून रबरी बॉल दाबणं. बॉल मुठीत असला की बोट अर्ध्यावरच थांबतं, आणि तुमची अडचण तर उरलेल्या अर्ध्याची आहे. आधी मूठ मिटू द्या, जोर मागाहून येतो. दुसरी चूक म्हणजे कुणाकडून तरी बोट ओढून, कडकन वाजवून ‘बसवून’ घेणं. मधला सांधा रागीट असतो. जबरदस्ती केली की तो सुजतो आणि आणखी आखडतो. त्या सांध्यावरची फुगी सहा महिने, कधी वर्षभरही राहते. अंगठी आधीच्या मापाची बसेल अशी घाई करू नका.

प्रश्न : विळीवर डाव्या तर्जनीचं टोक कापलं. रक्त थांबेना म्हणून हळद दाबली. जखम भरली, पण टोकाची अर्धी बाजू बधिर आहे. चालायचंच का? (वाचक, पंचवटी)

चालायचं की नाही, हे बधिरपणा कुठून सुरू होतो त्यावर ठरतं. बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक संवेदनेची नस टोकापर्यंत जाते. नुसतं टोक कापलं असेल, तर नसेच्या बारीक फांद्या तुटतात आणि काही महिन्यांत बरीचशी जाणीव परत येते. घाव पेरावर, कडेला असेल आणि त्यापुढची पूर्ण अर्धी बाजू मेल्यासारखी वाटत असेल, तर मुख्य नस तुटली असण्याची शक्यता आहे. ती हाताच्या सर्जनला दाखवा. जोडलेली नस साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वाढते, म्हणून निकाल कळायला महिने लागतात.

घरी तपासायला केसांची यू-पिन घ्या. तिची दोन टोकं 5 मिलिमीटर अंतरावर ठेवा, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला तरी कधी एक, कधी दोन टोकं हलकेच टेकवायला सांगा. टोकं बोटाच्या लांबीच्या दिशेने टेकवायची आणि कातडी किंचितच दबेल एवढीच. निरोगी बोटाचं टोक 2 ते 5 मिलिमीटरवरही दोन टोकं ओळखतं. पाठीवर हेच अंतर जवळपास 40 मिलिमीटर लागतं. डाळीतला खडा किंवा कापडाचा पोत डोळे मिटून बोटाला कळतो, तो याच बारकाव्यामुळे.

पुढच्या वेळेसाठी : जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ सुती कापडाने दाबा, हात छातीच्या वर धरा आणि घड्याळ लावून 10 मिनिटं सोडू नका. ‘थांबलं का’ म्हणून दर मिनिटाला उघडून पाहिलं की जमलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. हळद आमटीत ठीक. जखमेत तिचा, चुन्याचा, चहापत्तीचा किंवा तंबाखूचा लगदा बसला की आत काय कापलंय ते दिसत नाही आणि टाके घालण्याआधी सगळा उकरून काढावा लागतो. चिकटपट्टी बोटाभोवती गोल कडं करून घट्ट आवळू नका, तिरकी फिरवा. सूज वाढली की गोल पट्टी फासासारखी बसते.

प्रश्न : क्रिकेटचा बॉल मधल्या बोटाच्या टोकाला लागला. फारसं दुखत नाही, पण टोक खाली झुकलंय आणि स्वतःहून वर होत नाही. हाताने उचललं की सरळ होतं. (विद्यार्थी, कॉलेज रोड)

दुखत नाही म्हणून हे दुखणं सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. टोक वर उचलणारी पातळ कंडरा शेवटच्या पेराजवळ तुटली आहे, किंवा तिने हाडाचा कपचा उपटून आणलाय. चादरीची कड गादीखाली खोचतानाही असं होतं. एक्स-रे काढाच. कपचा सांध्याच्या एक तृतीयांशाहून मोठा असेल किंवा सांधा सरकला असेल, तर सर्जनचं काम. नाहीतर उपाय साधा, पण हट्टी : टोकाचा सांधा पूर्ण सरळ ठेवणारी छोटी स्प्लिंट, सलग 6 ते 8 आठवडे, दिवसरात्र. डॉक्टरकडे पोचेपर्यंत कुल्फीची काडी आणि कागदी टेप चालेल. मधला सांधा मोकळा ठेवा आणि हलवत राहा.

सगळं बिघडतं ते आंघोळीच्या वेळी. स्प्लिंट काढली आणि टोक एकदाच, क्षणभर झुकलं, तरी जुळत आलेली कंडरा ताणली जाते आणि आठवडे पहिल्यापासून मोजावे लागतात. म्हणून स्प्लिंट बदलायची ती टेबलावर. तळवा खाली करून बोट टेबलावर सपाट ठेवा, स्प्लिंट पुढे सरकवून काढा, बोट न उचलता कातडी पुसून कोरडी करा, मग दुसऱ्या हाताने टोकाला खालून आधार देत नवी चढवा. आत ओल राहिली की कातडी पांढरी होऊन सोलते. टोक मागे इतकं ताणू नका की सांध्यावरची कातडी पांढरीफटक पडेल. मुदत संपल्यावर आणखी महिनाभर झोपताना आणि खेळताना स्प्लिंट लावा. शेवटी थोडा झुकाव राहतो, कामाला तो आड येत नाही. उशीर झाला, दोन महिने उलटले, तरी स्प्लिंट लावून पाहण्यात अर्थ आहे.

प्रश्न : पलंगाच्या पायाला पायाची करंगळी आपटली. काळीनिळी झाली. चालता येतं. पायात जोडवी आहेत. एक्स-रे हवा का? (वाचक, सिडको)

जोडवी आधी काढा, आत्ताच. सूज सगळ्या पुढच्या पावलावर उतरते आणि शेजारच्या बोटातलं जोडवंही रुततं.

करंगळी सरळ दिसत असेल, जखम नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर एक्स-रेने उपचार सहसा बदलत नाही. पण पावलाची बाहेरची कड मधोमध, जिथे एक हाड बाहेर आल्यासारखं हाताला लागतं, तिथे दाबून दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. ते हाड निराळं आणि त्याचं मोडणं वेगळ्या तऱ्हेने हाताळावं लागतं. बोट वाकडं झालं असेल तरीही दाखवा.

घरचा उपाय म्हणजे शेजारच्या बोटाशी जोडपट्टी. दोन बोटांच्या बेचक्यात गॉजची घडी ठेवा, नाहीतर घामाने तिथे चीर पडते. 1 सेंटिमीटर रुंद कागदी टेपची एक पट्टी बोटांच्या मुळाजवळ गुंडाळा, करंगळी लांब असेल तर दुसरी वर, मधला सांधा मोकळा सोडून. दिवसाआड बदला. टेप लावल्यावर टोक दाबून पाहा : पांढरं झालेलं टोक दोन-तीन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर टेप घट्ट आहे. पायाला मुंग्या येतात, जाणीव कमी आहे असा मधुमेह असेल, तर स्वतः टेप लावू नका, दाखवा. तीन-चार आठवडे पुढून रुंद आणि तळ कडक असलेली चप्पल घाला. मऊ स्लिपर आरामाची वाटते, पण तिच्यात बोट प्रत्येक पावलाला वाकतं. बऱ्याच लोकांच्या पायाच्या करंगळीत तीनऐवजी दोनच पेरं असतात. एक्स-रे पाहून ‘एक हाड कमी आहे’ म्हणून घाबरू नका.

प्रश्न : बोट मुरगळलं आणि अंगठी अडकली. तेल, साबण झालं. कापायला मन होत नाही, आईची आहे. (वाचक, नाशिकरोड)

टोक निळं किंवा बधिर असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा जखम असेल, तर मनाचं ऐकू नका. रुग्णालयात, अग्निशमन दलाकडे किंवा सराफ बाजारातल्या कारागिराकडे अंगठी कापण्याची छोटी कटर असते. सोनं मऊ. ते एका जागी कापलं जातं आणि नंतर जोडता येतं.

हे काही नसेल तर दोऱ्याची युक्ती. हात 10 मिनिटं डोक्याच्या वर धरा आणि रुमालात गुंडाळलेला बर्फ बोटाला लावा. साधारण 70 सेंटिमीटर नायलॉनचा दोरा घ्या आणि त्याचं एक टोक अंगठीखालून तळव्याच्या दिशेने सारा. सुईचा नाक्याचा भाग किंवा वाकवलेली केसांची पिन यासाठी चांगली. दोऱ्याचा लांब भाग अंगठीला चिकटून सुरू करून नखाच्या दिशेने गुंडाळत न्या. वेढ्याला वेढा लागला पाहिजे, मधे कातडी फुगून वर येता कामा नये. मधला सांधा पूर्ण झाकला की थांबा. वर साबणाचं पाणी. मग तळव्याकडचं छोटं टोक धरून नखाच्या दिशेने ओढत हळूहळू उलगडत जा. दोरा सुटेल तशी अंगठी एकेक वेढा पुढे सरकते. दुखेल, पण दोन-तीन मिनिटांत सांधा ओलांडते. अडली तर दोरा लगेच कापून काढा, तसाच आवळलेला ठेवू नका. खरं तर हाताला काही लागलं की पहिल्या पाच मिनिटांत अंगठी काढून खिशात टाकावी, मग बाकीचं बघावं.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीत सिकेटर (छाटणीची कात्री) लागून मजुरांची बोटं कापतात, बहुतेक डाव्या हाताची. दुसऱ्या दिवशी पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला रसायन चोपडणं) असतं. कापलेल्या बोटाने पेस्ट लावू द्यावी का? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

नाही. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड कातडीला जाळतं आणि उघड्या जखमेतून जास्त आत जातं. तीन-चार दिवस त्या माणसाला दुसरं काम द्या. जखम नसलेल्यांनाही नायट्राइलचे हातमोजे हवेत. कापडी मोजा पेस्ट शोषून कातडीला धरून ठेवतो, म्हणजे नसलेला बरा. शिवाय या रसायनाबरोबर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद होणं, छातीत धडधड, डोकं ठणकणं असे त्रास होतात. संध्याकाळी घेणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, पेस्टिंगच्या आगेमागे काही दिवस अजिबात नाही.

सिकेटरचा घाव बारीक दिसतो पण खोल जातो. तळव्याच्या बाजूने कापलं असेल तर मजुराला दोन हालचाली करायला सांगा. मधलं पेर धरून : टोक वाकव. बाकी बोटं सरळ धरून : मधला सांधा वाकव. यातली एक जरी जमली नाही, तरी कंडरा कापली असण्याची शक्यता आहे. तिला पहिल्या आठवड्यातच जोडलेलं चांगलं. नंतर ती मागे ओढली जाते आणि काम अवघड होतं. मातीच्या जखमेला धनुर्वाताची शेवटची लस 5 वर्षांहून जुनी असेल तर डोस हवा, स्वच्छ जखमेला 10 वर्षांहून जुनी असेल तर. सरकारी लसीकरणात आता टीटीच्या (नुसती धनुर्वाताची लस) जागी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प) आली आहे. बागेतल्या डब्यात गॉज, कागदी टेप, सलाइनची बाटली आणि मजुरांच्या लसीच्या तारखांची वही ठेवा. वही सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच नसते.

प्रश्न : प्रेस मशीनवर बोटाचं टोक तुटलं तर तुकडा कसा न्यायचा? (सुपरवायझर, अंबड)

बर्फात थेट टाकायचा नाही. बर्फाने पांढरं पडून गोठलेलं टोक जोडता येत नाही. सलाइनने भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बंद करा, ती पिशवी बर्फ आणि पाणी भरलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. तुटल्याची वेळ पिशवीवर मार्करने लिहा. बोटात स्नायू जवळजवळ नसतो आणि स्नायूच सगळ्यात आधी मरतो. म्हणून नीट गार ठेवलेलं बोट 24 तासांपर्यंत, न गार केलेलं साधारण 12 तासांपर्यंत जोडण्याजोगं राहू शकतं. तरी घाई कराच. निघण्याआधी फोन करून मायक्रोसर्जरीची सोय आहे का ते विचारा, वाटेत तीन ठिकाणं फिरण्यात वेळ जातो. उरलेल्या बोटाला सुतळीने आवळू नका, दाबून धरा. हाड उघडं नसेल आणि गेलेला भाग 1 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर नुसत्या ड्रेसिंगवर 3 ते 6 आठवड्यांत टोक भरून येतं, आणि शस्त्रक्रियेपेक्षा चांगलं दिसतं.

अपघाताची नोंद त्याच दिवशी करा. वर सांगितलेल्या तक्त्यात हाड न जाता नुसतं टोक गेल्याचेही टक्के होते : अंगठा 10, तर्जनी 5, मधलं 4, अनामिका-करंगळी 2.

आणि न विचारलेलं एक. ग्रीस गन, पेंट गन किंवा हायड्रॉलिक पाइपच्या गळतीने बोटाला सुईच्या टोचणीएवढं भोक पडलं, दुखतही नाही, तर कामगार पुसून पुन्हा कामाला लागतो. ते तेल कंडरांच्या वाटेने तळव्यापर्यंत पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया लागते. बोटाच्या सगळ्या जखमांत ही दिसायला सगळ्यात किरकोळ.

प्रश्न : श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी बूट घालून केली. अंगठ्याचं नख काळं पडलंय. (वाचक, गंगापूर रोड)

उतारावर अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहिला आणि नखाखाली रक्त साचलं. बोट ठणकत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला बारीक भोक पाडून रक्त काढतात, लगेच आराम पडतो. तापवलेल्या सुईने घरी करू नका. आता दुखत नसेल तर नख जसं आहे तसं राहू द्या. ते सुटलं तरी खालच्या नाजूक कातडीचं झाकण तेच आहे. लोंबणारी कड कापा, ओढू नका.

पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. हाताचं महिन्याला 3 मिलिमीटर, म्हणजे पाच-सहा महिने. शेजारी पट्टी ठेवून दर महिन्याला फोटो काढा. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. डाग दोन महिन्यांत जागचा हलला नाही, मुळापासून काळी रेघ येत राहिली किंवा मार न लागताच आला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या वर्षी निघण्याआधी नखं सरळ कापा, कोपरे गोल कोरू नका. उतरताना नाड्या घोट्याजवळ घट्ट आवळा, म्हणजे पाऊल पुढे घसरत नाही.

लहान मुलाचं बोट दारात सापडून नखाचं मूळ कातडीबाहेर आलं असेल, तर ते ‘नुसतं नख’ समजू नका. खालचं वाढीचं हाड मोडलेलं असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : ढोल पथकात आहे. करंगळी लचकून तीन आठवडे झाले. टिपरू कधी धरू? (वाचक, जुने नाशिक)

पूर्ण मूठ मिटली आणि 2 लिटरची भरलेली बाटली पिशवीत घालून दोन्ही हातांनी सारखाच वेळ लोंबती धरता आली, की धरा. पहिले दोन आठवडे करंगळी अनामिकेशी जोडपट्टीने बांधून, 15 मिनिटांचे दोन डाव, मधे विश्रांती. टिपरूच्या दांड्याला कापडाचा वेढा द्या. दांडा जाड झाला की मूठ कमी आवळावी लागते. थापेची बाजू दुखऱ्या हाताकडे येत असेल तर आणखी दोन आठवडे थांबा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या गोणीखाली बोट चेंगरलं होतं. बरं झालं, पण थंडीत पांढरं पडतं आणि आतून कळ येते. (शेतकरी, निफाड)

निफाडच्या थंडीत हे व्हायचंच. चेंगरलेल्या बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा गारव्याला जास्त चिडतात. बहुतेकांचा त्रास दोन-तीन हिवाळ्यांत कमी होतो, काहींना थोडा राहतो. पहाटे पाणी भरायला निघताना बोट गार पडण्याआधीच लोकरी मोजा आणि वर रबरी मोजा घाला. गार पडल्यावर घातलेला मोजा गारवाच धरून ठेवतो. कळ आली तर बोट काखेत धरा किंवा कोमट पाण्यात घाला, पण पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्या. जाणीव कमी असलेलं बोट शेकोटीजवळ धरू नका, भाजल्याचं फोड आल्यावरच कळतं. विडी-सिगारेटने याच रक्तवाहिन्या आवळतात. बोट निळं राहू लागलं किंवा टोकाला न भरणारी जखम झाली तर रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या.